खांदमळणीची सायकल

मित्रांनो, एका जागी उभं राहणं मला जमत नाही. माझ्या जातीच्या सायकली भिंतीला टेकून राहण्यासाठी जन्माला येत नाहीत. मी डोंगराचा उतार उतरणारी सायकल आहे. वयाने जुनी, रंगाने फिकट हिरवी, आणि सध्या बुलढाणा जिल्ह्यात घाटावरच्या एका गावात, रिकाम्या गोठ्यात गव्हाणीला टेकून उभी आहे. बाहेर दोन दिवसांपासून उघडीप आहे. वाट वाळत आली असेल. आणि मी इथे! म्हणून म्हटलं, तोवर तुम्हाला माझी हकिकत सांगून टाकावी, तेवढाच वेळ जाईल.

माझा पहिला मालक पुण्याचा एक इंजिनिअर. त्याने मला नवीकोरी घेतली आणि तीन वर्षं डोंगर पालथे घातले. ते दिवस आठवले की अजून माझी चाकं शिवशिवतात. मग त्याचं लग्न झालं, घरात बाळ आलं, आणि मी गॅलरीत गेले. माझ्या हँडलवर बाळाची दुपटी वाळू लागली. दोन वर्षं मी समोरचा डोंगर नुसता बघत होते. शेवटी त्याने मला विकलं आणि मी हात बदलत बदलत खामगावच्या निवृत्तीभाऊंच्या सायकलच्या दुकानात येऊन पडले.

तिथे माझ्या शेजारी एक लाल सायकल होती. नवी, झगमगीत, पुढे स्प्रिंग, मागे स्प्रिंग. येणारा प्रत्येक जण तिची सीट दाबून बघायचा आणि खूश व्हायचा. माझ्याकडे कुणी ढुंकूनही बघत नसे. चार महिने मी हा अपमान सोसला.

मग जूनमध्ये रेणुका आली. बरोबर तिचे वडील पुंजाजी होते. रेणुका बुलढाण्याला खेळाच्या शिक्षिकेचं शिक्षण घेत होती. पोळ्यानंतरच्या रविवारी तिच्या गावाजवळच्या घाटात तेवीस वर्षांखालच्या मुलींची उताराच्या शर्यतीसाठी निवड चाचणी होणार होती. पहिल्या दोघी राज्याच्या शिबिराला जाणार. दिवाळीत रेणुकाला तेविसावं पूर्ण होणार होतं, म्हणजे या गटातली ही तिची शेवटची संधी. मागच्या वर्षी ती मैत्रिणीची सायकल मागून उतरली होती आणि तिसरी आली होती. या वेळी तिला स्वतःची सायकल हवी होती. दोन उन्हाळे मुलांना खेळ शिकवून तिने सव्वीस हजार जमवले होते. त्यातच सगळं बसवायचं होतं.

पुंजाजी सरळ लाल सायकलीपाशी गेले. "हे घे माय. कशी चमकून राह्यली पाह्य."

"दोन्ही बाजूनं शॉकअप हाये काका," निवृत्तीभाऊ म्हणाले. "धोंड्यावरून गेली तरी गादीवर बसल्यावानी वाटते."

"गादीवर बसाचं असतं तं घरीच बसली असती मी," रेणुका म्हणाली. तिने लाल सायकलीची सीट दाबून सोडली. सीट खाली गेली आणि तीन वेळा उसळली. "पाह्यलं बाबा? उतारावर हे मले अशीच फेकून देईन." मग तिने तिचा ब्रेक दाबला. अख्खी मूठ आवळावी लागली, तरी चाक थोडं फिरलंच.

आणि मग ती माझ्याकडे वळली. मित्रांनो, खरं सांगते, मला धीर धरवेना. तिने मला उचलून वजन पाहिलं. सांध्यांवर नख फिरवून कुठे चीर आहे का ते तपासलं. पुढचे शॉकअप दाबले, ते सावकाश खाली गेले आणि सावकाश वर आले. रिम डगमगते का ते पाहायला तिने चाक गरागरा फिरवलं, आणि एका बोटाने ब्रेक दाबला. चाक जागच्या जागी थांबलं. नळीत कोंडलेल्या तेलाच्या दाबावर चालणारे माझे डिस्क ब्रेक! आजवर लोकांनी माझा रंग पाहिला होता. हिने पहिल्यांदा माझे ब्रेक पाहिले.

"हे घेते," ती म्हणाली.

पुंजाजींचा चेहरा उतरला. "नवी सोडून लोकाच्या अंगावरून उतरलेली काऊन घेतं? अन् इले मागं शॉकअपच नाही."

"तेच तं बरं हाये. एवढ्या पैशात मागचा शॉकअप देतात तो नुसता शोभेचा राह्यते. त्याचे पैसे ब्रेकातून कापलेले असतात. हे बिना शोभेची हाये. पन थांबते."

मी अठरा हजारांना ठरले. उरलेल्या पैशांत तिने तोंड झाकणारं हेल्मेट, गुडघ्याची कवचं आणि खरबरीत जाड टायर घेतले. "टोपीले इतके पैसे?" असं पुंजाजी पुटपुटले. "डोकं एकच हाये बाबा," रेणुका म्हणाली आणि विषय संपला. ढेपेच्या पोत्यांवर आडवी पडून, एका टेम्पोतून, मी घाट चढून वर आले.

गावात माझी चांगलीच टिंगल झाली. मडगार्ड नाही, कॅरेज नाही, स्टँड नाही. ही सायकल आहे की सांगाडा? पुंजाजी मान खाली घालून ऐकून घेत. पण एक दिवस ते उताराखाली उभे राहिले आणि रेणुका माझ्यावरून खडकांच्या पायऱ्या धडाधड उतरत आली, तेव्हा त्यांच्या हातातली विडी तशीच विझून गेली. त्या संध्याकाळपासून मला गोठ्यात जागा मिळाली. त्यांची बैलजोडी मागच्या वर्षी विकली गेली होती. ट्रॅक्टर आला, गुडघे दुखू लागले, आणि दावण सुनी झाली. पुंजाजी रोज सकाळी सवयीने गोठ्यात यायचे, काय करावं ते न सुचून माझी सीट फडक्याने पुसायचे. मला ते फार आवडायचे. मी मात्र त्यांना कधी नीट उभं राहून दाखवलं नाही, पुसतानाही घसरून पडायचे.

श्रावण भरून आला. रेणुका पावसातही सराव करी. चाकाच्या मधोमध बसवलेली पोलादी चकती म्हणजे डिस्क; ती ओली असताना ब्रेक दाबला की मी कर्कश ओरडत असे. त्यात दुखणं काहीच नव्हतं. पाणी उडालं की आवाज आपोआप जायचा. पण पुंजाजींच्या काळजात चर्र व्हायचं.

"हे करकरते काऊन व?" त्यांनी एकदा विचारलं.

रेणुका फोनवर दुसऱ्या मुलींच्या शर्यती बघत होती. तिने मान वर केली नाही. "काही नाही बाबा, ओली झाली का ओरडते."

एवढंच. पुढे एक वाक्य बोलली असती, तर आज मला ही गोष्ट सांगावी लागली नसती.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदमळणी असते. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेल्या खांद्यांना हळद-तूप चोळतात, गरम पाण्याने शेकतात आणि उद्याच्या जेवणाचं आमंत्रण देतात. गावभर बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज येत होता. आमच्या गोठ्यात बैल नव्हता. रेणुका नंबराचा बिल्ला आणायला बुलढाण्याला गेली होती. पुंजाजी हातात वाटी आणि पळसाचं पान घेऊन दारात आले. बराच वेळ रिकाम्या दावणीकडे बघत राहिले. मग माझ्यापाशी बसले.

"तूच वाह्यतं आता आमच्या पोरीले," ते म्हणाले. "कुठी दुखते तुले? इथीच करकरते ना?"

आणि त्यांनी पळसाच्या पानाने माझ्या दोन्ही डिस्कना हळद-तूप चोळलं. वरून खालून, बोट घालून, मायेने. ज्या जागेवर तेलाचा थेंबही चालत नाही, नेमकी तीच जागा.

"आज आवतन घे माय, उद्या जेवाले ये."

मित्रांनो, आजवर कुणी मला जेवायला बोलावलं नव्हतं. ओरडून त्यांना सावध करावं असं मनात आलं, पण मी ओरडूच शकत नव्हते. तूप लागलेली डिस्क ओरडत नाही. पुंजाजींनी चाक फिरवून पाहिलं, आवाज आला नाही, आणि ते समाधानाने हसले.

पोळ्याला बैल जुंपत नाहीत, म्हणून रेणुकाने मलाही सुट्टी दिली. शनिवारी दिवसभर पाऊस होता. रविवारी सकाळी ती मला हाताने ढकलत घाटाच्या माथ्यावर घेऊन गेली. मागे पुंजाजी, नवं धोतर, डोक्याला फेटा. मुली जमल्या होत्या, शिट्ट्या वाजत होत्या, खाली दरीत धुकं हलत होतं. माझ्या अंगात वारं भरलं होतं. चला, चला, सोडा मला!

शर्यतीआधी एक सरावाची फेरी असते. आम्ही सुटलो. पहिल्या वळणावर रेणुकाने एक बोट दाबलं. काही नाही. दोन बोटं. मग मूठ. मी घसरतच राहिले, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला उताराची भीती वाटली. तिने मला वळणाबाहेरच्या तरोट्याच्या झुडपांत घातलं आणि आम्ही दोघी आडव्या झालो. तिचं कोपर सोललं. ती उठली, तिने डिस्कला बोट लावलं आणि नाकाशी नेलं. बोट पिवळं झालं होतं.

वरून पुंजाजी धावत येत होते. रेणुकाने फक्त बोट पुढे केलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "करकरत होती म्हनून..." एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

त्यानंतरची अर्धा तासाची धावपळ विचारू नका. औषधाच्या पेटीतलं स्पिरिट मागून डिस्क पुसल्या. डिस्कला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या ब्रेकपॅडनी मात्र तूप पिऊन टाकलं होतं. पुंजाजींनी चहाच्या टपरीवरच्या शेगडीत ते धरले, धूर निघेपर्यंत तापवले, दगडावर घासले, पुन्हा तापवले. बोटं भाजली तरी हात मागे घेतला नाही. माझ्या मापाचे पॅड दुसऱ्या कुणाकडे नव्हते. शर्यत घेणारे अर्जुनराव म्हणजे निवृत्त क्रीडाशिक्षक. त्यांनी ब्रेक दाबून मला सपाटीवर ढकलून पाहिलं.

"पुढचा धरते," ते म्हणाले. "मागचा कच्चा हाये. जायचं का नाही ते तू ठरव पोरी. सर्वांत शेवटी सोडतो तुले."

शेवटी आमचा नंबर आला. रेणुकाने पट्टा आवळला. दहा पावलांवर पहिला खडा उतार होता. शिट्टी वाजली, आम्ही सुटलो, तिने ब्रेक चाचपून पाहिला. मी थांबले, पण कुठे? जिथे थांबायचं त्याच्या पुढे एक हात. खाली अशी चौदा वळणं होती. मी मनातल्या मनात ओरडत होते, जाऊ दे, रेणुका, सोड मला, काही होत नाही! माझा स्वभावच तसा आहे. पण ती माझ्यासारखी नव्हती. तिने पाय टेकला आणि हात वर केला.

"माघार," ती म्हणाली. "थांबते म्हनून घेतली होती इले. आज थांबत नाही."

अर्जुनराव कागदावर लिहू लागले. तेवढ्यात पुंजाजी गर्दीतून पुढे आले. "साहेब, त्याच्यापुढं कारन लिहा. बापानं ब्रेकले तूप लावलं. पोरीचा काही दोष नाही."

"काका, असा रकाना नसते यात," अर्जुनराव हळूच म्हणाले.

"मंग बाजूनं लिहा. पन लिहा."

आणि अर्जुनरावांनी खरंच समासात लिहिलं. ते बघून रेणुकाला रडू फुटलं. आतापर्यंत तिने दात आवळून धरले होते.

परतताना अर्ध्या वाटेवर रेणुकाने मला आडवं केलं आणि रस्त्याच्या कडेला बसली. "तुम्ही इचारलं होतं मले," ती म्हणाली. "फोनातून मान काढून सांगलं असतं तं झालं असतं."

"मंग आता सांग," पुंजाजी तिच्या शेजारी बसत म्हणाले.

तिने सांगितलं. साखळीला तेल लागतं. डिस्कला नाही. पॅडने डिस्कला घट्ट धरायचं असतं आणि तूप ती पकडच काढून घेतं. पुंजाजी भाजलेली बोटं फुंकत ऐकत होते.

"म्हंजे घाट उतरताना मी बैलाच्या नालेले तूप लावलं म्हन की."

"हाव. तसंच."

"अरारा," ते म्हणाले, आणि त्यांनी माझ्यावर हात ठेवला. डिस्कवर नाही. सीटवर.

तर मित्रांनो, अशी आमची संधी गेली. ती परत येणार नाही. पुढच्या वर्षी रेणुकाला मोठ्या गटात उतरावं लागेल, जिथे मुरलेल्या बायका येतात. मला पुंजाजींचा राग येत नाही, कितीही प्रयत्न केला तरी येत नाही. पण तुम्हाला एक विनवणी आहे. आमच्यावर, यंत्रांवर, जनावरांवर, एकमेकांवर माया जरूर करा. फक्त हात लावायच्या आधी विचारा, आम्हाला काय लागतं आणि काय सोसत नाही. आणि तुम्हाला कुणी विचारलं, तर मान वर करून पुरतं सांगा.

नवे पॅड मागवले आहेत, गुरुवारी येतील म्हणतात. पुंजाजी सकाळपासून दोनदा फाट्यावर जाऊन पार्सलची गाडी बघून आले. मी त्यांच्यापेक्षा उतावीळ आहे, पण आता एक गोष्ट मलाही कळली आहे. ब्रेक बसल्याशिवाय मला कुणी सोडलं, तरी मी जाणार नाही.

आज मंगळवार. अजून दोन दिवस!