हाताआडचा दगड

अंगठ्याचं नख मात्र तिचंच होतं — रुंद, कडेला जरासं आत वळलेलं — आणि संगमरवरात ते खऱ्या नखापेक्षा नेटकं दिसत होतं, हे डॉर्कस हॅलवेलला उगीचच लागलं. तो अंगठा, ती बोटं, सगळा तळवा चेहऱ्यावर दाबून संगमरवरी डॉर्कस नवऱ्याच्या स्मारकातल्या कलशावर ओणवी होऊन रडत होती. तीन महिने रडत होती. खऱ्या डॉर्कसला ते एकदाही जमलं नव्हतं.

आणि उद्या हे सगळं गाडीवर चढणार, चर्चच्या भिंतीत बसणार, नेमकं तिच्या बाकाच्या वर. म्हणजे दर रविवारी, मरेपर्यंत, स्वतःच्याच रडण्याखाली बसून प्रवचन ऐकायचं... जोसाया वाईट नव्हता. जोसाया बोलायचा, ती 'हो' म्हणायची. शेवटच्या दिवशीही जेवताना तो म्हणाला, मोहरीची चटणी पातळ झालीय — ती 'हो' म्हणाली, आणि तो ताटात कोसळला. कलशाखालच्या मजकुरात चटणीचा उल्लेख नव्हता. तिथे 'ईश्वरेच्छेपुढे नम्र' असं होतं.

"मिस्टर टॉली, हा हात काढा."

शिल्पकार टॉलीनं छिन्नी खाली ठेवली. अर्ध्या डर्बी शहराच्या विधवा त्यानं भिंतींवर रडवल्या होत्या. रडणं थांबवा म्हणणारी ही पहिलीच.

"हाताखाली काही नाही, बाईसाहेब."

"माझा चेहरा आहे."

"दगड आहे. दिसणार नाही तिथे कोण कोरतं?"

म्हणजे तीन महिने ती चेहऱ्याशिवायच... तिला हसू आलं, आणि हसू गिळताना ध्यानात आलं, की गिळायची सवय किती जुनी आहे.

"वहिनी, चला आता," दाराशी उभी असलेली नणंद टॅबिथा म्हणाली. "आमच्या जोसायासाठी दगडातसुद्धा दोन आसवं नकोत तुम्हाला?"

"आसवं तुम्ही घ्या, वन्सं. तुमच्या तोंडाला शोभतात."

टॉली मूर्तीभोवती फिरला, हातावर टकटक केलं. "चेहरा निघेल. जरा आत जाईल, नाक बेताचं ठेवावं लागेल. पण हात कोपरापासून जाणार."

"मग मी थोटी?"

"शाल पांघरू. शालीखाली काय काय खपतं, तुम्हाला कल्पना नाही." मग त्यानं अदबीनं विचारलं, "चेहरा कसला देऊ? शोकाकुल? शांत? शांत सध्या बरा चालतो."

कसला? आरशात ती रोज टोपी नीट बसलीय का एवढंच बघायची. नवरा गेलेल्या बाईचा चेहरा, 'हो' म्हणणारीचा चेहरा, वन्संसमोरचा... ह्यांतला एकेक काढत गेलं तर खाली पुन्हा दगडच निघेल की काय, अशी भीती वाटली — आणि भीती वाटली तरी पाय दाराकडे वळेनात.

"उद्याची गाडी परत पाठवा," ती म्हणाली, आणि धुळीनं भरलेल्या स्टुलावर काळ्या रेशमासकट बसली. "मी रोज येईन. जो दिसेल तो कोरा."

टॉली बघू लागला. कोणीच इतकं बघितलं नव्हतं. तिचा हात आपोआप तोंडाकडे निघाला; तिनं तो मांडीखाली दाबून धरला. गालात काहीतरी हललं, ओठ कुठेतरी निघाले, डोळ्यांत पाणी आलं की धूळ गेली... चेहरा स्वतःच्या मनासारखं करत होता. काय करतोय, हे तिनं विचारलं नाही.