गाळलेलं कडवं

सॅमसनकाकांचा फोन आला तेव्हा वैशाली पनवेलच्या घरी मिठाच्या पाण्यानं गुळण्या करत होती. आदल्या दिवशी नाशिकला कार्यक्रम झाला होता, त्याच्या आदल्या दिवशी संगमनेरला. घसा पार बसला होता. महिनाभर गाणं बंद ठेवा असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, त्यालाही आता दोन महिने होऊन गेले होते. काका मोजकंच बोलले. घर आवरतोय, लेकीकडे, साराकडे, इस्रायलला अश्दोदला जातोय, आता परत येणं नाही. तुझं पहिलं रेकॉर्डिंग सगळं माझ्याकडे आहे, ते घेऊन जा.

सॅमसन अष्टमकर रोह्याला कुंडलिकेच्या पुलापलीकडे, अष्टमीत राहायचे. त्यांच्या गल्लीतली बाकीची ज्यू कुटुंबं कधीच इस्रायलला गेली होती. काका बायकोच्या माघारी एकटेच उरले होते. घराच्या मागच्या खोलीत भिंतींना काथ्याच्या गाद्या ठोकून त्यांनी रेकॉर्डिंगची सोय केली होती. भजनी मंडळं, बाल्यानाचाची गाणी, निवडणुकीच्या रिक्षावरच्या घोषणा, सगळं त्या खोलीत व्हायचं. चौदा वर्षांपूर्वी वैशाली गिटार घेऊन तिथं आली होती. नवऱ्याला सोडून तेव्हा तिला जेमतेम वर्ष झालं होतं.

त्या खोलीत तिनं आठ गाणी रेकॉर्ड केली. चाली पेणकडच्या बायका लग्नात म्हणतात तशा, साथीला गिटार आणि ढोलकी, आणि शब्द सगळे स्वतःच्या आयुष्यातले. नवरा, सासर, पोटात न टिकलेलं मूल, वडिलांचा अबोला. कुणाचं नाव ती घ्यायची नाही, पण लपवायचीही काही नाही. लोकांना तेच आवडलं. ही बाई खोटं गात नाही, असं तिच्याबद्दल बोललं जायचं. मुंबईच्या एका कंपनीनं ती आठ गाणी बाजारात आणली. पुढं आणखी दोन अल्बम झाले, परदेशात कार्यक्रम झाले. पण लोक यायचे ते एका गाण्यासाठी. ‘दुपारचं दार’.

दुपारचं दार तू लावलंस आई,
कडी वाजली, बाकी आवाज नाही.

नवऱ्याचं घर सोडून भर दुपारी ती हमरापूरला माहेरी आली, आणि आईनं दार लावून घेतलं, ही त्या गाण्याची गोष्ट. प्रत्येक कार्यक्रमात गाण्याआधी ती दोन मिनिटं ही हकिकत सांगायची. समोरच्या बायका पदर डोळ्यांना लावायच्या. सुरुवातीची काही वर्षं तिचाही गळा दाटून यायचा. पुढं पुढं कुठल्या शब्दावर आवाज कापरा करायचा ते अंगवळणी पडलं. गाताना बसच्या वेळा आठवायच्या, कधी भूक लागायची. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

अष्टमीला ती पोचली तेव्हा काका खोक्यांना दोऱ्या बांधत होते. त्यांनी चहा केला, दोघांनी उभ्यानंच घेतला. मग ते म्हणाले, नेण्याआधी एकदा ऐक, माझ्यासमोर ऐक. त्यांनी कॉम्प्युटर अजून बांधला नव्हता. तो मुद्दामच ठेवला होता, हे तिला नंतर कळलं.

तिचा पंचविशीतला आवाज खोलीत आला. ‘दुपारचं दार’, पहिल्याच वेळचं. दोन कडवी झाली आणि गाणं जिथं संपायचं तिथं ते संपलं नाही.

मागल्या दारानं आलीस तू आई,
हातावरचा रंग वाळलाही नाही.

वैशालीनं कप खिडकीत ठेवला. रेकॉर्डिंगमधली ती मुलगी पुढं गात होती. मग गिटार थांबली आणि तिचा बोलण्यातला आवाज आला, हसरा, घाईतला.

“काका, हे शेवटचं कडवं काढा. आई आली तर मग गाण्यात रडण्यासारखं उरतं काय?”

त्यावर काकांचा आवाज. “नक्की?”

“नक्की.”

काकांनी रेकॉर्डिंग बंद केलं. बाहेर कुणीतरी मासळी विकत चाललं होतं.

“मी तेव्हाच अडवायला पाहिजे होतं,” काका म्हणाले. “पण गाणं झालं होतं चांगलं. मलाही मोह झाला.”

वैशाली खोक्यावर बसली. तिला सगळं आठवलं. विसरलं असं कधी झालं नव्हतं, फक्त इतकी वर्षं त्या बाजूला जायची वेळ आली नव्हती. वडील, हैबतराव, त्या दुपारी ओटीवर होते. ही घरात आली तर मी बाहेर पडतो, असं ते म्हणाले. आईनं, कृष्णाबाईनं, दार लावलं. वैशाली रस्त्याला लागली. मूर्तींच्या कारखान्यापर्यंत गेली असेल नसेल, तेवढ्यात मागच्या वाडीतून आई धावत आली. पायात चप्पल नाही, हाताला गणपतीच्या पितांबराचा पिवळा रंग. तिनं लेकीची पिशवी घेतली, रंगाच्या टेंपोत तिला बसवलं, आणि वडखळला धोंडुबाई आत्याकडे नेलं. तिथं चार दिवस तिच्याजवळ राहिली. परत गेल्यावर हैबतराव तिच्याशी दिवाळीपर्यंत बोलले नाहीत. हे सगळं झालं होतं, आणि चौदा वर्षं वैशाली दारापाशी थांबून पुढं सरकत नव्हती.

ती तशीच हमरापूरला गेली.

कृष्णाबाई कारखान्यात आखणीला बसली होती. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी सगळ्यांना जमत नाही. तिचा हात सत्तरीतही स्थिर होता, म्हणून मालक तिला सोडत नव्हता. वैशाली वर्षातून दोनदा यायची, दोन तास बसायची, जेवायची, निघायची. गाण्याचा विषय दोघींत कधी निघाला नव्हता. टीव्हीवर ते गाणं आलं त्या वर्षी कारखान्यातल्या बायकांनी कृष्णाबाईला विचारलं होतं, लेकीला दारातनं परत पाठवलंस का गो? ती काही बोलली नाही, असं वैशालीला आत्याकडून कळलं होतं. तेव्हा तिनं ते कानाआड केलं होतं.

आज ती आईशेजारी खाली बसली आणि फोनवर ते रेकॉर्डिंग लावलं. कृष्णाबाईनं हातातला डोळा पुरा केला, ब्रश पाण्यात ठेवला आणि ऐकलं. कडवं आलं. मग ते हसरं बोलणंही आलं. वैशालीला ते आधीच बंद करता आलं असतं. पण आता लपवायचं नाही असं ठरवून ती आली होती.

“मला वाटलं तू इसरलीस,” कृष्णाबाई म्हणाली.

“नाही आई.”

“मी मनाला सांगायची, पोरीवर आभाळ कोसळलेलं, तिला काय आठवनार. दार तेवढं आठवलं, त्यात तिचा काय दोष.” ती थांबली. “मुद्दाम काढलंस, ते आज कळलं.”

वैशाली रडली. फार वर्षांनी, ठरवून नाही. कृष्णाबाईनं ना तिला जवळ घेतलं, ना ती उठून गेली. जरा वेळानं वैशाली म्हणाली की, पुढच्या महिन्यात रोह्याला मोठा कार्यक्रम आहे. कंपनी माझा पहिला अल्बम नव्यानं काढतेय, त्यासाठीच. तिथं मी हे कडवं गाईन, खरं काय झालं ते सगळ्यांसमोर सांगेन.

“कुनाला सांगतेस आता? तुझे बाबा नाय राहिले. ज्या बायांनी इचारलं त्यातल्या निम्म्या नाय राहिल्या.” कृष्णाबाईनं ब्रश पुन्हा उचलला. “मला नको आनू गान्यात. पुढल्या दारात नको नि मागल्या दारातबी नको. झालं तेवढं बस हाय.”

रोह्याचं सभागृह भरलं होतं. वैशालीनं दहा गाणी म्हटली. घसा साथ देत नव्हता, दोन ठिकाणी ढोलकीवाल्यानं सावरून घेतलं. शेवटाला मागून ओरडा सुरू झाला, ‘दुपारचं दार’, ‘दुपारचं दार’. ती माइकजवळ आली. ते गाणं आता का म्हणायचं नाही ते सांगायचं तर आईला पुन्हा सगळ्यांसमोर आणून उभं करावं लागणार होतं. चौदा वर्षं तिला सगळं सांगून टाकायची सवय होती, आज तिनं तोंड मिटलं, मग उघडलं आणि म्हणाली, “ते गाणं मी बंद केलं आहे. माफ करा.”

लोक नाराज झाले. काही उठून गेले. आयोजकानं तोंडावर काही म्हटलं नाही, पण मागं वळूनही पाहिलं नाही. बाहेर पडताना नागोठण्याची एक बाई तिच्यासमोर आली. मनगटात काचेच्या बांगड्या, बरोबर कॉलेजातली मुलगी. त्या बाईला तिच्या माहेरच्यांनी दारातून परत पाठवलं होतं, आणि त्या वर्षी ती फक्त हे गाणं ऐकत होती. एकदा तुमच्या तोंडून ऐकावं म्हणून आलो, ती म्हणाली. वैशालीला वाटलं, हिला तरी सांगावं. मग वाटलं, हिचं दार खरंच बंद होतं, हिला काय सांगायचं? तिनं त्या बाईला बाकावर बसवलं आणि त्या वेळी काय काय झालं ते विचारलं. बाई अर्धा तास बोलली. वैशालीनं सगळं ऐकून घेतलं. निघताना बाई म्हणाली, यावर गाणं करा तुम्ही. वैशाली नाही म्हणाली, हे तुमच्यापाशीच ठेवा.

कंपनीला तिनं पत्र लिहिलं, अल्बम पुन्हा काढू नका, निदान ते गाणं वगळा. कंपनीचं उत्तर सभ्य होतं. करार त्यांच्या बाजूचा होता. जुलैत अल्बम आला आणि पहिलंच गाणं तेच होतं. पेणच्या एसटी स्टँडवर एका उसाच्या गुऱ्हाळात तिनं ते स्वतः ऐकलं. गुऱ्हाळवाल्यानं तिला ओळखलं नाही. ती रस पिऊन झाल्यावरच उठली.

त्याआधीच काका इस्रायलला गेले होते. विमानतळावर त्यांनी तिला एवढंच विचारलं, आईला ऐकवलंस? ती हो म्हणाली. बरं केलंस की वाईट, ते त्यांनी विचारलं नाही.

घशासाठी तिनं उरलेले कार्यक्रम रद्द केले आणि हमरापूरला राहायला आली. कृष्णाबाईनं ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही, अंथरूण मात्र घालून दिलं. हंगाम जोरात होता. वैशालीला रंगातलं काही येत नव्हतं, म्हणून तिच्याकडे घरचा स्वयंपाक आला आणि कारखान्यात भाकरी पोचवायचं काम आलं. डॉक्टरांनी आता बोलूही नका म्हटलेलं, तेही पथ्यावर पडलं. आई बोलायची ती कामाचं. कुठल्या मूर्तीची सोंड चिरली, कुणाची मागणी वाढली. माफीचा विषय वैशालीनं एकदा काढला. कृष्णाबाई म्हणाली, भाकरी जाड होतात तुझ्या.

तिसऱ्या आठवड्यात एक दिवस ती डबा घेऊन गेली तेव्हा कृष्णाबाई भिंतीला टेकून डोळे मिटून बसली होती. समोर रांगेनं मूर्ती, काहींचे डोळे झालेले, काहींचे कोरे. वैशालीच्या मनात एक ओळ आली, चालीसकट, पुरी. अशी ओळ वर्षा-दोन वर्षांत एकदा यायची, आणि ती आली की वैशाली हातातलं टाकून कागद शोधायची.

तिनं डबा उघडला, भाजी वाढली आणि आईला हाक मारली.

“कढी आणलीस का?” कृष्णाबाईनं डोळे न उघडता विचारलं.

“आणली.”

दोघी जेवल्या. हात धुऊन वैशाली घरी निघाली तोवर ती ओळ विरून गेली होती.