लाल दोरा, हिरवा दोरा

अंबरनाथला दौलतरावांचा औषधांच्या खोक्यांचा कारखाना होता. कुमुदिनी कर्णिक तिथं रसायनं पाहायची. बदलापूरहून रोज येणारी, बी.एस्सी. झालेली ही एकटीच बाई. पावसाळ्यात खोकी सांध्यावर उकलत, म्हणून वर्षभर खटपट करून तिनं चिकटवायची नवी खळ बनवली होती.

१९५४च्या श्रावणात तिची चाचणी झाली. खोकी चिकटवणाऱ्या बायकांपैकी राजाबाईला नवी खळ दिली, खरवई गावच्या बनूबाईला जुनी. आठवड्यानंतर शंभरामागं राजाबाईची सहा खोकी उकलली, बनूबाईची एकवीस.

दौलतराव खूश झाले. "सोमवारपासून सगळीकडे तुमचीच खळ! आणि त्या बनूबाईला काढून टाकू. एकवीस म्हणजे फारच झालं."

कुमुदिनी हसली, पण घरी तिला जेवण जाईना. राजाबाई दाराशी बसायची, वाऱ्यावर. बनूबाई मागच्या भिंतीला लागून. शिवाय नवी खळ आपल्या हातात आहे हे कळल्यावर राजाबाई प्रत्येक सांधा दोनदा दाबायची, हे कुमुदिनीनं स्वतः पाहिलं होतं. हात वेगळे, जागा वेगळी, खळ वेगळी. मग यश कुणाचं?

सकाळी तिनं दौलतरावांना गाठलं. "मला अजून आठ दिवस द्या. चाचणी चुकली."

"यशस्वी झालेली चाचणी चुकली कशी?"

"एका वेळी तीन गोष्टी बदलल्या. कशामुळं काय झालं, ते मलाच सांगता येत नाही."

कपाळाला आठ्या घालत त्यांनी आठ दिवस दिले. तिनं दोन सारखी भांडी घेतली. एकाला लाल दोरा, एकाला हिरवा. कुठल्या भांड्यात कुठली खळ, ते दौलतरावांनीच भरायचं आणि चिठ्ठी आपल्या खिशात ठेवायची.

"तुम्हालाही कळू नये?" त्यांनी विचारलं.

"मलाच तर कळू नये. उकललेली खोकी मीच मोजणार."

कोण कुठं बसणार आणि कुठला दोरा कुणाकडे, याच्या चारच जोड्या होत होत्या. प्रत्येक जोडी दोनदा लिहून तिनं आठ चिठ्ठ्या केल्या. रोज सकाळी राजाबाई एक चिठ्ठी उचलायची आणि तशा दोघी बसायच्या.

ते आठ दिवस कुमुदिनीला खुर्चीत बसवेना. एकदा हिरव्या भांड्यात तिनं बोट बुडवलं, नाकाशी नेलं, मग लाजून फडक्याला पुसलं. आपलीच खळ जिंकावी असं तिला वाटत होतं, आणि त्या वाटण्याचीच भीती वाटत होती. बनूबाई मात्र मान खाली घालून चिकटवत राही. काम जाणार हे तिच्या कानावर आलं होतं.

नवव्या दिवशी दौलतरावांनी खिशातली चिठ्ठी उघडली. कुमुदिनीनं बेरजा केल्या, पुन्हा केल्या. शंभरामागं नव्या खळीची तेरा खोकी उकलली होती, जुन्या खळीचीही तेरा. दोघी बायकांच्या कामात फरक नव्हता. पण भिंतीजवळची एकवीस, दाराजवळची पाच.

"म्हणजे तुमची खळ..."

"काही कामाची नाही," ती म्हणाली. "भिंत ओली आहे. ओल खोक्यांत शिरते. बनूबाईंचा दोष नाही."

"मुंबईच्या गिऱ्हाइकाला मी नव्या खळीचं कबूल करून बसलोय," एवढंच म्हणून दौलतराव उठले. पण त्याच दिवशी त्यांनी टेबलं भिंतीपासून हलवली आणि बनूबाईला राहू दिलं.

कुमुदिनी तिला सांगायला गेली. वाटलं होतं, बाई खूश होईल. बनूबाईनं हातातली खळ पदराला पुसली.

"भितीला पानी येतंय, ह्या मी गेल्या सालापासून सांगतेय. मुकादमाला सांगितला, राजाबाईला सांगितला. माझा कोनी ऐकला? आठ दिस माझा जीव टांगनीला लावलात, बाय."

चिठ्ठ्या, दोरे, बेरजा सगळं बरोबर होतं. फक्त त्या टेबलाशी वर्षभर बसलेल्या बाईला कुमुदिनीनं एकदाही विचारलं नव्हतं. ती समोरच्या बाकावर टेकली.

"अजून काय काय होतं इथं? मला सांगा."

"आता इचारताय?" बनूबाई म्हणाली. पुढचं खोकं तिनं आधी नीट चिकटवलं, बाजूला ठेवलं, आणि मग बोलायला लागली.