कागदावरची बासष्टी

ड्रायव्हिंग शिकवण्यात मास्तरांची तीस वर्षं गेली होती. शेजारच्या सीटवर बसायचं आणि शिकणाऱ्याच्या आधी ब्रेक दाबायचा. पण एकसष्ट पूर्ण झाल्यापासून त्यांचा पाय घरातही सुटेना. जेवताना, टीव्हीसमोर, अगदी झोपेतसुद्धा दाबलेलाच.

"अहो, पलंगाला ब्रेक नसतो," बायको म्हणाली.

मास्तर हसले नाहीत. त्यांचे वडील बासष्टाव्या वर्षी हार्टनं गेले होते. आजोबाही बासष्टाव्याच, आणि हार्टनंच. घरात हा आकडा सगळ्यांना पाठ होता. डॉक्टरकडे चला म्हटलं की मास्तर फटकन म्हणत, "तो काय वेगळं सांगणार?" त्यापेक्षा त्यांनी घराण्याचे जुने कागद शोधायला घेतले. पणजोबा, खापरपणजोबा, कुणी एक जरी ऐंशी पार केलेला सापडला असता तरी त्यांना पुरला असता.

पण सरकारी दफ्तरखान्यात गाडी आजोबांपाशीच अडली. लग्नाच्या नोंदवहीत आजोबा एकवीस वर्षांचे आणि आजी तीस. सहा वर्षांनंतरच्या शिरगणतीत आजोबा एकतीस, आजी तेहतीस. पुढे दहा वर्षांनी आजोबा त्रेचाळीस आणि आजी चाळीस! सोळा वर्षांत नवरा बावीस वर्षांनी वाढला होता आणि बायको जेमतेम दहा.

"वयाचं मनावर घेऊ नका," दफ्तर सांभाळणाऱ्या बाई म्हणाल्या. "दोन-चार वर्षं इकडची तिकडे व्हायचीच. लोक सांगतील ते लिहून घ्यायचे."

"दोन-चार ठीक आहे हो. पण इथे एक चढतोय आणि एक उतरतेय!"

बाईंनी चष्मा काढून पान डोळ्यांजवळ नेलं. "मग घरातल्याच कुणाला तरी विचारा. आमच्या वहीत कारणाचा रकाना नसतो."

मास्तरांनी आजोबांची जन्मनोंदही काढून घेतली. लग्नातलं वय बरोबर निघालं. मृत्यूच्या नोंदीत मात्र बासष्ट. जन्माचं साल मृत्यूच्या सालातून त्यांनी तीनदा वजा केलं. तीनही वेळा चोपन्न आले. म्हणजे आजोबा आणखी लवकर गेले होते.

तिथून ते तडक आत्याकडे गेले. वडिलांची ही धाकटी बहीण, चौऱ्याऐंशी वर्षांची, तिसऱ्या मजल्यावर एकटी राहायची. जिन्याच्या प्रत्येक वळणावर थांबून मास्तरांनी नाडी मोजली. ती मोजताना आकडा चुकला की पुन्हा पहिल्यापासून.

आत्यानं कागद पाहिले आणि ती खुदकन हसली. "सापडलं का अखेर!"

"तुला माहीत होतं?"

"मी तिथेच होते रे. आठ वर्षांची असेन. शिरगणतीवाला दारात बसून लिहीत होता. बाबा म्हणाले, त्रेचाळीस. आई आतून म्हणाली, चाळीस. एकमेकांकडे बघतील तर शपथ! तो गेला आणि आई अशी हसायला लागली, की हसता हसता रडायलाच लागली."

"पण कशासाठी हे?"

"नव्या वस्तीत राहायला आल्यावर एका बाईनं आईला सगळ्यांसमोर विचारलं होतं, हा तुमचा धाकटा भाऊ का? तेव्हापासून आई बाबांबरोबर बाहेर पडेना. मग बाबांनी मिशा वाढवल्या आणि वय वाढवलं. आईनं आपलं थोडं उतरवलं. दोघांनी मिळून नऊ वर्षांचं अंतर पुसून टाकलं बघ."

मास्तर खोलीभर येरझाऱ्या घालत होते. "आणि आजोबा कामाला होते त्या कारखान्यात?"

आत्याचं हसू ओसरलं. "तिथेही वाढवलेलंच वय लागलं, तोवर आणखी दोन वर्षं चढलेलं. कागदावर साठ झाले म्हणून दोरखंडाच्या कारखान्यानं त्यांना घरी बसवलं, तेव्हा ते बावन्नचे होते. हात चांगले चालत होते. आई म्हणाली, जाऊन खरं सांगा. ते म्हणाले, आता सांगितलं तर सगळ्या गावाला कळेल. नाहीच गेले. दोन वर्षं खिडकीत बसून काढली आणि गेले. आईनं ते शेवटपर्यंत मनाला लावून घेतलं."

मास्तर येऊन आत्याशेजारी बसले. मग मास्तरांनी विचारलं, "निदान माझ्या बाबांचं बासष्ट तरी खरं ना?"

"छे! शाळेत घालताना दोन वर्षं कमी लावली होती. चौसष्टचा होऊन गेला तो."

चोपन्न आणि चौसष्ट. बासष्ट कुणाचंच खरं नव्हतं. ज्या आकड्यानं वर्षभर मानगूट धरली होती तो नुसता शाईचा होता. तरी मास्तरांना सुटल्यासारखं वाटेना. आता कुठल्या वर्षाला घाबरायचं तेच कळत नव्हतं, आणि घाबरायला तर सवयच झालेली.

"आत्या, मी काय करू?"

"डॉक्टरकडे जा," आत्या म्हणाली. "मेलेल्यांच्या वयात काय शोधतोस? तुझी छाती तुझ्याजवळ आहे."

दुसऱ्या दिवशी बायकोला बरोबर घेऊन ते गेले. फॉर्मवर आजोबांच्या वयाचा रकाना आला तेव्हा पेन अडलं. मग त्यांनी ठसठशीत अक्षरात चोपन्न लिहिलं. कुठल्याही कागदावर आजोबांचं शेवटचं वय खरं लिहिलं जाण्याची ती पहिलीच वेळ होती.

तपासणीत एक नस थोडी अरुंद निघाली. गोळ्या सुरू झाल्या, रोज चालायला सांगितलं. बाहेर येऊन मास्तरांनी आत्याला फोन लावला.

"काय म्हणाला?"

"तीन महिन्यांनी परत बोलावलंय."

"मग जा," आत्या म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.