घड्याळजीची नाडी

डोंगर माणसाला स्वतःची खरी ओळख करून देतो, असं विचारवंत सांगत आले आहेत. आमच्या घड्याळजीला डोंगराने पहिल्या अर्ध्या तासात ओळख करून दिली ती फक्त त्याच्या गुडघ्यांची.

तसा तो ओळखी वाढवायला गेलाच नव्हता. गेल्या वर्षी त्याच्या छातीत दोन स्टेंट बसले. तो त्यांना स्प्रिंगा म्हणतो. त्याची बायको तीस वर्षं दवाखान्यात नर्स. स्टेंट बसल्यापासून तिने एकच पालुपद धरलं होतं: दुकान पुरे. जावई तर गाळ्याचं माप घेऊन गेला होता. त्याला तिथे मोबाइलची कव्हरं विकायची होती.

"मी ठणठणीत आहे," घड्याळजी म्हणाला.

"मग समोरचा डोंगर चढून पलीकडे उतरून दाखवा," नर्सबाई म्हणाल्या.

अटी दोन. नाडी मिनिटाला एकशेचाळीसच्या वर गेली, तर दुकान जावयाला. आणि दिवसभर दुकानाचं काम नाही, गिऱ्हाइकांचे फोन नाहीत; ते मोडलं, तरी दुकान जावयाला. दोघांचे फोन घरी पिठाच्या डब्यावर राहिले. नाडी मोजायला घड्याळ त्याच्याच मनगटावरचं, कारण नर्सबाईंचं गणवेशाला अडकवायचं घड्याळ दीड वर्षापासून त्याच्या खणात 'उद्या बघतो' या अवस्थेत पडलं होतं.

फक्त एक गोष्ट बाईंना ठाऊक नव्हती. मनगटावरचं घड्याळ नवऱ्याचं नव्हतं. ते शाळेच्या मुख्याध्यापिकांचं होतं. "हातात घातलं की मागे पडतं," अशी तक्रार घेऊन त्या तीनदा आल्या होत्या आणि तीनही वेळा टेबलावर ते चोख चाललं होतं. बिघाड सापडला नाही, की घड्याळ एक दिवस स्वतःच्या हातात घालून बघायचं, ही घड्याळजीची जुनी पद्धत. थोडक्यात, दुकान बाहीखाली लपून डोंगर चढत होतं.

पहिल्या थांब्याला तो दगडावर बसला, हात मांडीवर आडवा. एकशे अठरा. दुसऱ्या थांब्याला एकशे सव्वीस.

"बघ, तरुण आहे मी."

"तरुण माणूस पायऱ्या मोजत चढत नाही. तोंड मिटा, नाकाने श्वास घ्या."

पुढे कडा लागला. कातळात ठोकलेली साखळी, पावलापुरत्या खाचा, आणि उजवीकडे जिथे जमीन असायला हवी तिथे ढग. तासभर तो डाव्या हाताने साखळी धरून वर सरकत होता. एकदा पायाखालचा खडा निसटला. दोघंही तो खाली पडल्याचा आवाज ऐकायला थांबली. आवाज आलाच नाही.

माथ्यावर बसायलाही जागा नव्हती. घड्याळात साडेतीन वाजले होते. बाईंनी त्याचा डावा हात उभा धरला, उजव्याची नाडी धरली आणि ओठ हलवत मोजू लागल्या. ओठ थांबले. पुन्हा मोजलं.

"एकशे सहासष्ट."

"चुकलीस."

"तीस वर्षांत चुकले नाही मी. टेका तिथे. बोलू नका. छातीत दुखतंय? हात जड वाटतोय?"

घड्याळजीने मनगटाकडे पाहिलं. सेकंदकाटा दोन पावलं टाकायचा, थबकायचा, विचार करायचा, मग तिसरं टाकायचा. आडवं असताना शहाणं असलेलं घड्याळ उभं धरलं की आळशी होत होतं. बिघाड सापडला! त्याला इतका आनंद झाला की तो ओरडणारच होता. मग त्याला आठवलं. बोललं, तर दुसरी अट मोडली. गप्प बसलं, तर पहिली. दोन्हीकडून कव्हरंच.

तो गप्प बसला. निदान आजाऱ्याचं दुकान इज्जतीने जातं.

बाईंनी पिशवीतून जिभेखाली ठेवायची गोळी काढली. चंदेरी वेष्टन फाटेना. जी बाई रडणाऱ्या पोराला न थरथरता सुई टोचते, तिची बोटं त्या एवढ्याशा कागदाशी झटत होती. गोळी निसटून दगडांच्या फटीत गेली.

"अगं," घड्याळजी म्हणाला, "घाबरू नकोस. मी बरा आहे. घड्याळ हळू चालतंय. एक मिनिट म्हणून तू दीड मिनिट मोजलंस."

"तुमचं घड्याळ?"

"मुख्याध्यापिकाबाईंचं."

बाईंनी तेच घड्याळ उभं धरून स्वतःची नाडी मोजली. एकशे अठ्ठावन्न.

"म्हणजे मीही गेलेच म्हणायची," त्या थंडपणे म्हणाल्या. एवढ्यात ढग फाटला आणि खूप खाली वळणावर एक लाल ठिपका सरकताना दिसला. बाईंचा चेहरा उतरला. "अहो, ती चारची बस, म्हणजे चार वाजले! पाचला परत जाते. तीच शेवटची."

उताराला दीड तास लागतो, असं पाटीवर लिहिलं होतं. पाटी लिहिणाऱ्याची बायको बरोबर नसावी. लोखंडी शिडीवर बाई खाली, घड्याळजी वर. "पाय ठेवा. तो नाही, डावा! घड्याळ बघू नका हो, पाय बघा!" घसरड्यावर दोघंही बसून उतरली, त्यात त्याची पँट मागून गेली. शेवटच्या पट्ट्यात बसचा हॉर्न ऐकू आला आणि छप्पन्न वर्षांचा, दोन स्प्रिंगांचा माणूस चक्क धावला. चालू बसच्या दाराला त्याने हात घातला, दुसऱ्या हाताने बायकोला आत ओढलं.

सीटवर पडताच बाईंनी त्याचं मनगट पकडलं. ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या घड्याळावर नजर रोखून त्या मोजू लागल्या. घड्याळजीने डोळे मिटले. हे मिनिट मात्र खरोखरीचं होतं, आणि फार लांब होतं.

"एकशे बत्तीस."

"मग दुकान?"

बाईंनी त्याचं मनगट सोडलं.

"दुसरी अट तुम्ही मोडलीत."

"मोडली."

"आणि ते कबूल केलं नसतंत, तर मी तुम्हाला आजारी समजून डोंगरावर झोपवून ठेवलं असतं." त्यांनी उसासा टाकला. "ठेवा दुकान. पण उद्या उघडल्या उघडल्या, मुख्याध्यापिकाबाईंच्या आधी, माझ्या घड्याळात सेल तेवढा घाला."