खारीसाठी भरलेला बार

शारजातल्या रोल्ला भागात, एका जुन्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर, टीव्हीच्या वर एक लांबलचक ठासणीची बंदूक टांगली आहे. मित्रांनो, ती मी. माझ्या नळीत शिसं ओतून मला कायमची मुकी केली आहे. त्यामुळे माझं बोलणं जरा कोरडं वाटलं तर राग मानू नका. मला हल्ली फारसं काही वाटत नाही.

माझा जन्म रत्नागिरीकडच्या एका लोहाराच्या भात्यापुढे झाला. रानडुकरासाठी म्हणून त्याने माझी नळी अंगठा जाईल इतकी रुंद ठेवली. पण माझे मालक खैरुद्दीन यांच्या नारळीच्या वाडीत डुक्कर कधी फिरकलंच नाही. यायच्या त्या खारी. कोवळं शहाळं कुरतडून, आतलं पाणी पिऊन पसार व्हायच्या. मग खैरुद्दीन माझ्या तोंडातून दारू ओतत, काथ्या कोंबत, वर छर्रे घालत आणि लोखंडी गजाने सगळं ठासून बार पक्का करत. चाप ओढला की अख्खी वाडी हादरायची. धुराने खैरुद्दीनच खोकत बसायचे आणि खार शेजारच्या माडावर शेपटी उडवायची. गावाने त्यांना ‘तोफवाले’ नाव ठेवलं होतं. कधी चुकून नेम लागलाच, तर खाली मूठभर केस तेवढे सापडायचे. एवढ्याशा जिवावर एवढा बार! त्या वेळी मला वाईट वाटायचं.

एकदा दिवसभर खार दिसलीच नाही. खैरुद्दीन मला तशीच भरलेली घरी घेऊन आले आणि त्यांनी मला खुंटीला लावलं. खुंटी निसटली, मी पडले आणि आतला बार उडाला. भिंतीला भगदाड पडलं, ते बरोबर पाळण्याच्या वर. पाळण्यात त्यांचा एकुलता एक मुलगा हमदुल्ला होता. त्याला खरचटलंही नाही. खैरुद्दीन मात्र त्या दिवशी जेवले नाहीत.

तेव्हापासून भरलेली बंदूक घरात ठेवायची नाही, हा त्यांचा नियम झाला. ते गज नळीत सोडून बघत. पूर्ण आत गेला, तर नळी रिकामी. वरच अडला, तर आत बार आहे, तो बाहेर नेऊन उडवायचा.

पुढे मोठा होऊन हमदुल्लाने इथे शारजात मोबाइलचं दुकान टाकलं. आई गेल्यावर त्याने वडिलांना इकडे आणलं. त्यांना करमावं म्हणून नळी बंद करून, परवानग्या काढून, शोभेची वस्तू म्हणून मलाही आणलं. गज माझ्या पोटाखाली तसाच राहिला. मी भिंतीवर आणि खैरुद्दीन सोफ्यावर. त्यांना आता सकाळचं संध्याकाळी आठवत नाही, आणि ऐकूही कमी येतं. वर्षं अशीच गेली.

आज सकाळी हमदुल्ला दुकानात होता आणि सून हाफिजा स्वयंपाकघरात. खैरुद्दीनांनी मला खाली काढलं आणि सवयीने गज नळीत सोडला. तो वितीभरही आत गेला नाही. शिशावर अडला होता, पण शिशाचं त्यांना कुठलं आठवायला! ते पांढरेफटक पडले. माझ्याखाली रोज नातवंडं झोपतात. मला चादरीत गुंडाळून ते लिफ्टने खाली, मागच्या वाळूच्या पार्किंगमध्ये गेले.

चादर काढताच बाल्कनीतून कुणीतरी ओरडलं, “अरे, चाचा के हाथ में बंदूक है! पुलीस को बुलाओ!”

त्यांची नात माहनूर जिना उतरून धावत आली. “दादाजान, प्लीज, गिव्ह इट टू मी! पुलीस आली तर सगळ्यांचा व्हिसा कॅन्सल होईल!”

“लांब हो, बाय,” खैरुद्दीन म्हणाले. “आत बार आहे. तुम्ही पोरं ह्याच्याखाली झोपता.”

माहनूरचा पुढे आलेला हात थांबला. ती हिसकावून घेऊ शकली असती. पण ती त्यांच्या शेजारी उभी राहिली आणि तिने मानेनेच ‘उडवा’ म्हटलं.

त्यांनी मला आभाळाकडे धरून चाप ओढला. घोडा खट् करून पडला. बस, तेवढंच.

“वाजला?” त्यांनी विचारलं.

एरवी त्यांच्याशी इंग्रजी मिसळून बोलणारी ती मुलगी त्यांच्या कानाशी वाकली. “वाजला, दादाजान! केवढ्याने वाजला! खलास.”

“आणि खार?”

“पळाली.”

“बरं झालं,” ते म्हणाले, आणि तिथेच वाळूत बसले. माहनूरने मला चादरीत गुंडाळून वर आणलं. पोलीस आले नाहीत.

संध्याकाळी हमदुल्ला भडकला. “अब्बांना कसं बोलू? पण ही वस्तू घरात नको. उद्याच पोलिसांत जमा करून टाकतो!” त्याचंही चूक नाही. मला न्यायला माझी हरकत नाही, मला काही वाटणार नाही.

पण मित्रांनो, एक विनंती आहे. मी गेल्यावरही ते रिकाम्या भिंतीकडे बघून विचारतील, “बार काढला का?” तेव्हा जवळ जे कुणी असेल त्याने हसू नका, समजावत बसू नका. “काढला” एवढंच सांगा. रोज विचारलं, तर रोज सांगा. आणि उजव्या कानात सांगा. डावा माझ्या आवाजाने गेला आहे.