सुवाच्य अक्षराची मुलगी

शनिवारची सुट्टी खाणाऱ्या प्रशिक्षणांवर माझा मुळातच राग. त्यात विषय काय, तर विज्ञानशिक्षकांच्या मनातला मुलगा-मुलगी भेद. सव्वीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवतोय, असला भेद आयुष्यात केला नाही, असं मी स्टाफरूममध्ये ठणकावून सांगितलं. रसायनाच्या बाई नुसतं 'हं' म्हणाल्या. त्यांचं ते 'हं' माझ्या डोक्यात जातं.

प्रशिक्षण घ्यायला आलेली बाई माझ्या मुलीच्या वयाची. तिने भाषण ठोकलं नाही, हे तिचे उपकार. आम्ही विद्यार्थ्यांना दिलेली शिफारसपत्रं तिने आणायला सांगितली होती. "फक्त विशेषणांखाली रेघ मारा," ती म्हणाली. "मुलांसाठी निळी, मुलींसाठी लाल."

माझ्याकडे आठ पत्रं होती. निळ्या रेघांवर कल्पक, तल्लख, जिज्ञासू. लाल रेघांवर कष्टाळू, शांत, नीटनेटकी, अक्षर सुवाच्य. मी आठही पत्रं पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत वाचली.

आठवं पत्र अजून पाठवायचं होतं. एका संशोधन संस्थेत सुट्टीतले दोन महिने काम करायची संधी होती आणि आमच्या शेवटच्या वर्गातल्या एका मुलीने त्यासाठी वर्षभर जिवाचं रान केलं होतं. संस्था शिक्षकाच्या पत्रावरच निवड करते. पत्र सोमवारी दुपारपर्यंत पोचायला हवं होतं, आणि मी तर संशोधनासाठी तिच्या अक्षराची शिफारस करून बसलो होतो.

रविवारी नवीन पत्र लिहायला घेतलं. तासभर कोरा कागद. लिहिणार काय? या मुलीला मी प्रयोग करताना कधी पाहिलंच नव्हतं. प्रयोगाला चौघांचा गट असतो, आणि गट पाडताना मीच दर वेळी म्हणायचो, "तू लिही गं, तुझं अक्षर छान आहे." दोन वर्षं ती लिहीत होती आणि उपकरणं बाकीचे हाताळत होते. मला माझीच लाज वाटली.

सोमवारी शाळा भरण्याआधी तिला प्रयोगशाळेत बोलावलं. "लंबकाचा प्रयोग कर. एकटीने. मी नुसता बघतो."

तिने दोऱ्याची लांबी मोजली, गोळा सोडला, घड्याळाचं बटण दाबलं आणि पुटपुटली, "शून्य. एक. दोन..." वीस झोके मोजून तिने गणित मांडलं. गुरुत्वाचं उत्तर आलं नऊ पूर्णांक आठ, अगदी पुस्तकातलं.

माझा विश्वास बसेना. आमच्या प्रयोगशाळेत हे उत्तर कायम अकराच्या आसपास येतं. घड्याळं जुनी झाली म्हणून मी दर वर्षी मुख्याध्यापकांशी भांडतो.

"घड्याळं ठीक आहेत, सर," ती हळूच म्हणाली. "बटण दाबतानाच सगळे 'एक' म्हणतात. म्हणजे विसाव्याला झोके एकोणीसच झालेले असतात. वेळ भागायची विसाने. मग उत्तर फुगतं."

मी स्टुलावर बसलो. "हे तुला कधी कळलं?"

"पहिल्याच वर्षी. आकडे लिहिताना."

"मग बोलली का नाहीस?"

"माझ्याकडे लिहायचं काम होतं ना, सर."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. असती तर मला सोपं गेलं असतं.

मी तिथेच टेबलावर पत्र लिहून काढलं. एकही विशेषण घातलं नाही. तिने काय केलं ते पायरीपायरीने लिहिलं. शेवटी लिहिलं, 'आमच्या प्रयोगशाळेतली अनेक वर्षांची चूक हिने पहिल्याच वर्षी ओळखली होती. ती चूक माझ्या नजरेतून सुटली होती. हिला विचारायला मी दोन वर्षं लावली. आपण लावू नयेत.'

संस्थेकडे पाठवण्याआधी पत्र तिच्या हातात दिलं. तिने ते दोनदा वाचलं आणि पहिल्यांदाच माझ्याकडे बघून मोकळेपणाने हसली. निवड व्हायची तेव्हा झाली, पण त्या सकाळी वर्गावर जाताना मला जे हलकं वाटलं, तसं सव्वीस वर्षांत वाटलं नव्हतं.